घरच्या कॉम्प्युटरवरून फोटो जात नाहीत? आधी कुठे अडलंय ते शोधा

गणपती उठले, लग्नसराई सरली, कुणाकडे मुंज झाली की आमच्या दादरच्या इमारतीत एक तक्रार हमखास कानावर येते: "फोटो जात नाहीयेत रे, जरा बघतोस का?" कॉम्प्युटर प्रत्येकाचा निराळा, इंटरनेट निराळं, पण बिघाड तेच ते. एकदा काढून दिले तरी पुढच्या समारंभाला पुन्हा उभे राहतात, कारण अडलेला फोटो कसाबसा पाठवला जातो आणि मूळ कारण तसंच राहतं. ज्या क्रमाने मी तपासतो, त्याच क्रमाने इथे लिहितो आहे: आधी फुकट आणि दोन मिनिटांचं, शेवटी खर्चाचं आणि कटकटीचं.

लक्षणं

यातलं तुमचं कोणतं ते आधी ठरवा, कारण पुढचा निम्मा शोध तिथेच संपतो.

- मेलला फोटो जोडले, पण मेल आउटबॉक्समध्येच बसून आहे, किंवा गेला आणि परत आला.
- अपलोडची पट्टी थोडी सरकते आणि थांबते. तासाभराने पाहिलं तरी तिथेच.
- तुमच्याकडे सगळं हिरवं दिसतंय, पण समोरचा म्हणतो, "लिंक उघडतच नाही, परवानगी मागतंय."
- फोटो पोचले, पण धूसर. मोठी प्रिंट काढायला गेलात तर फोटोवाला नको म्हणतो.
- फोटो पोचला, पण आडवा. किंवा रंग फिके. किंवा तुम्ही कापून, उजळून ठेवलेला फोटो सोडून मूळचाच गेला.
- फाइल पोचली, पण समोरच्याच्या कॉम्प्युटरवर चित्राऐवजी नुसता पांढरा चौकोन.
- दीडशे फोटो निवडले, पोचले त्यातले थोडेच.
- फोटोचा वरचा भाग ठीक, खालचा अर्धा करडा.
- मुळात फोन किंवा कॅमेऱ्याचं कार्ड कॉम्प्युटरला दिसतच नाही.

एकाच वेळी दोन लक्षणं असली तर पहिलं सुटेपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका. राउटर बंद-चालू केला, ब्राउझर बदलला, फोटोही लहान केले आणि मग फोटो गेले, तर कशाने गेले ते कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

काहीही करण्याआधी

मूळ फोटोंची एक प्रत दुसरीकडे ठेवा. पेनड्राइव्हवर, बाहेरच्या हार्ड डिस्कवर, कुठेही, पण दुसऱ्या वस्तूवर. त्याच कॉम्प्युटरवर दुसऱ्या फोल्डरमध्ये केलेली प्रत धरायची नाही, कारण डिस्क गेली तर दोन्ही जातात. आणि ज्या कार्डातून फोटो घेतले ते कार्ड, समोरच्याला फोटो मिळाल्याचं त्याने सांगेपर्यंत, पुसायचं नाही. आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत. इथे घाई केलेली बरीच घरं मी पाहिली आहेत.

कार्ड लावल्यावर विंडोज "फॉरमॅट करायचं का" असं विचारू लागलं तर "कॅन्सल" दाबा आणि सरळ खाली कार्डाबद्दल लिहिलंय तिकडे जा.

पहिली तपासणी: अडचण समोरच्याकडे आहे का

ही सगळ्यांत स्वस्त, आणि नेमकी हीच सगळे शेवटी करतात. लिंक पाठवली असेल तर ती स्वतःच्याच कॉम्प्युटरवर ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत उघडून पाहा. त्या खिडकीत तुम्ही लॉग-इन नसता, म्हणजे समोरच्याला जे दिसतं तेच तुम्हाला दिसतं. तिथे लॉग-इन मागितलं किंवा परवानगीचं पान आलं, तर फोटो व्यवस्थित वर गेलेले आहेत, फक्त दार बंद आहे.

गूगल ड्राइव्हमध्ये नवीन फोल्डर सुरुवातीला "रिस्ट्रिक्टेड" असतो. शेअरवर जाऊन तो "एनीवन विथ द लिंक" करायचा आणि बाजूला "व्ह्यूअर" ठेवायचा. "एडिटर" ठेवू नका. एडिटर केलेल्या फोल्डरमध्ये एखादा उत्साही मामा आवडले नाहीत ते फोटो काढून टाकतो आणि ते सगळ्यांकडूनच दिसेनासे होतात.

लिंक उघडी ठेवली की ती ज्याच्या हाती पडेल त्याला फोटो दिसतात. लिंक एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर जायला वेळ लागत नाही. लहान मुलांचे, घराच्या आतले फोटो असतील तर थोडा त्रास पडला तरी लोकांचे मेल पत्ते टाकून परवानगी द्या, किंवा सगळ्यांनी उतरवून घेतल्यावर लिंक बंद करा. या बाबतीत मी कुणाला सूट देत नाही.

याच सदरातली आणखी एक तक्रार: "मागच्या वर्षी पाठवलेले फोटो आता दिसत नाहीत." लिंक म्हणजे फोटो नव्हे. तुम्ही जागा मोकळी करायला ड्राइव्हवरचे मूळ फोटो पुसलेत तर समोरच्याच्या लिंकमधूनही ते जातात, त्याने स्वतःकडे उतरवून घेतले असतील तरच वाचतात. म्हणून लिंक पाठवताना सोबत लिहा: "बघून झालं की उतरवून घ्या."

दुसरी: कोपऱ्यातली तारीख

कॉम्प्युटरच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात बघा. तारीख, वर्ष, वेळ बरोबर आहे ना? साइट खरी असल्याचा पुरावा म्हणून ब्राउझर तिचं प्रमाणपत्र तपासतो आणि त्या प्रमाणपत्राला मुदत असते. तुमचा कॉम्प्युटर काही वर्षं मागे असेल तर त्याला चांगली साइटही खोटी वाटते आणि "युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट" असा इशारा येतो. मेल नाही, ड्राइव्ह नाही, काहीच चालत नाही, आणि लोक इंटरनेटवाल्याला फोन करत बसतात.

तारीख दुरुस्त केली आणि मेन स्विच बंद करून चालू केल्यावर पुन्हा मागे गेली, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला आहे. त्याचा नंबर सीआर २०३२. जुन्या डेस्कटॉपमध्ये तो बदलणं सोपं असतं: प्लग काढा, झाकण उघडा, सेल कसा बसवलाय त्याचा फोटो काढून ठेवा, नवा त्याच बाजूने बसवा. लॅपटॉप असेल तर दुकानात द्या.

तिसरी: फोटो आणि वाट यांचं माप जुळतंय का

१२ मेगापिक्सेलच्या फोनमधला एक फोटो साधारण ३ ते ५ एमबीचा असतो. जीमेलची मर्यादा एका मेलला २५ एमबी. शिवाय मेलने जाताना जोडलेली फाइल सुमारे एक तृतीयांशाने फुगते, आणि समोरच्याच्या ऑफिसच्या मेलची मर्यादा याहून कमी असू शकते. परत आलेल्या मेलचं कारण बहुतेक वेळा हेच. १५ एमबीच्या वर गेलं की मी मेलचा विचारच करत नाही. जीमेल मोठी फाइल आपोआप ड्राइव्हची लिंक करून पाठवतं, पण मग वरची परवानगीची भानगड आलीच.

आता व्हॉट्सॲप. धूसर फोटोंच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे असतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. फोटो म्हणून साधा पाठवलात की व्हॉट्सॲप त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणतं आणि वर दाबून लहान करतं. फोनच्या पडद्यावर हे कळत नाही. ४ बाय ६ इंचाच्या प्रिंटला ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, १८०० बाय १२०० पिक्सेल लागतात, तेवढं कसंबसं निभावतं. पण १२ बाय १८ इंचाला त्याच हिशोबाने ५४०० बाय ३६०० लागतात. फोटोवाल्याकडे १६०० पिक्सेलचा फोटो घेऊन गेलात तर तो काही जादू करू शकत नाही. ऑगस्ट २०२३पासून एचडीचा पर्याय आला आहे, त्याने बराच फरक पडतो, तरी मूळ फाइल जात नाहीच.

मूळ जशीच्या तशी पाठवायची तर क्लिपच्या (किंवा अधिकच्या) खुणेतून "डॉक्युमेंट" निवडा आणि फोटोची फाइल त्या वाटेने जोडा. एका फाइलला २ जीबीपर्यंत चालतं. आणखी एक फायदा: साध्या वाटेने पाठवलेल्या फोटोतून तो कधी काढला ही नोंद निघून जाते, डॉक्युमेंटमध्ये राहते. काही वर्षांनी कुणी फोटो तारखेप्रमाणे लावायला बसलं तर साध्या वाटेने आलेले सगळे मुंजीचे फोटो "पाठवले त्या दिवशी" काढलेले दिसतात. मात्र फोटो कुठे काढला ती जागाही याच नोंदीत असते. अनोळखी माणसाला डॉक्युमेंट पाठवताना हे ध्यानात असू द्या.

कॉम्प्युटरवरचं व्हॉट्सॲप अचानक बाहेर पडून पुन्हा कोड स्कॅन करायला सांगत असेल तर त्यात बिघाड नाही. मुख्य फोनवर १४ दिवस व्हॉट्सॲप वापरलं नाही तर जोडलेली उपकरणं सुटतात.

माझं मत विचाराल तर दहाच्या वर फोटो असतील तेव्हा लिंक, दहाच्या आत असतील तेव्हा डॉक्युमेंट, आणि "पोचलो बरं का" सांगायला एकच फोटो असेल तेव्हा साधं व्हॉट्सॲप.

चौथी: जागा उरलीय का

वारंवार परत येणाऱ्या बिघाडाचं सगळ्यांत मोठं कारण हे. गूगलच्या फुकट खात्यात १५ जीबी मिळतात, आणि ते जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत मिळून असतात. इमारतीच्या एकाच टाकीवरून तीन मजल्यांना पाणी जावं तसं. एकाने रिकामी केली की तिघांचे नळ बंद. १ जून २०२१पूर्वी "हाय क्वालिटी"ने चढवलेले फोटो या हिशोबात धरले जात नव्हते, तेव्हापासूनचे सगळे धरले जातात. ज्यांनी आधी बिनधास्त चढवले त्यांना आज अचानक जागा भरल्यासारखी वाटते ती यामुळे. जागा भरली की फोटो चढत नाहीत, आणि मेल येणं-जाणंही थांबतं. बँकेचा मेल आला नाही म्हणून कुणी शोधायला लागतं आणि कारण मात्र नातवाच्या बारशाचे व्हिडिओ असतात.

इथे एक महत्त्वाची गोष्ट. जागा मोकळी करायला लोक सगळ्यांत जुने फोटो आधी पुसतात. पण जून २०२१च्या आधीचे ते "हाय क्वालिटी"वाले मोजलेच जात नाहीत, त्यामुळे ते पुसून जागा वाढत नाही आणि फोटो मात्र जातात! त्याऐवजी गूगल वनच्या स्टोरेजच्या पानावर जा, तिथे मोठ्या फाइल्स आकाराप्रमाणे दाखवतात. व्हिडिओ आणि मोठ्या जोडण्यांचे मेल आधी काढा. मग जीमेल आणि ड्राइव्ह दोन्हीचा ट्रॅश रिकामा करा, कारण ट्रॅशमध्ये असेपर्यंत जागा अडलेलीच असते.

फोटोज चढवताना "स्टोरेज सेव्हर" निवडलंत तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो १६वर येतात. घरगुती फोटोंना एवढं पुष्कळ झालं. लग्नाच्या फोटोग्राफरने दिलेले असतील तर "ओरिजिनल" ठेवा.

विंडोजवाल्यांसाठी दुसरी टाकी वनड्राइव्हची. फुकटात ५ जीबी. नवा कॉम्प्युटर घेतला की सुरुवातीच्या पानांवर "येस, येस" करता करता पिक्चर्सचा फोल्डर वनड्राइव्हवर चढायला लागतो, ५ जीबी पहिल्याच महिन्यात भरतात आणि मग काहीच हलत नाही. ही जागा मोकळी करायला वनड्राइव्हच्या वेबसाइटवर जाऊन फोटो पुसू नका. तिथे पुसलं की कॉम्प्युटरवरूनही जातं, कारण दोन्हीकडे तीच एक फाइल आहे. चुकून पुसलंच तर वनड्राइव्हच्या रिसायकल बिनमध्ये ३० दिवस मिळतं.

याच ठिकाणी फोटोंच्या फाइलवरच्या छोट्या खुणा बघा. हिरवी बरोबरची खूण म्हणजे फोटो तुमच्या डिस्कवर आहे. निळा ढग म्हणजे तो फक्त इंटरनेटवर आहे, इथे दिसतंय ते नुसतं नाव. असे ढगवाले फोटो पेनड्राइव्हवर घ्यायला किंवा मेलला जोडायला गेलात तर आधी ते खाली उतरावे लागतात, आणि त्यात थोडेच पोचतात. फोल्डरवर राइट क्लिक करून "ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस" निवडा, खुणा हिरव्या होईपर्यंत थांबा, मग पाठवा.

पाचवी: फाइल कोणत्या जातीची

आयफोन २०१७च्या आयओएस ११पासून फोटो एचईआयसी प्रकारात साठवतो. जागा कमी लागते, चित्र उत्तम. पण बऱ्याच विंडोज कॉम्प्युटरांना आणि जुन्या अँड्रॉइड फोनना तो उघडता येत नाही. पांढऱ्या चौकोनाचं हे नेहमीचं कारण. पुढचे फोटो जेपीजीमध्येच हवे असतील तर आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स, तिथे "मोस्ट कम्पॅटिबल". आधीचे फोटो तुमच्याकडे उघडत असतील तर पेंटमध्ये उघडून "सेव्ह ॲज" करून जेपीजी करा. विंडोजवर मुळात उघडतच नसतील तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून "हीफ इमेज एक्स्टेन्शन्स" घ्या, ते फुकट आहे, कधी त्याच्या जोडीला "एचईव्हीसी"चं थोडं पैसे घेणारं एक्स्टेन्शनही लागतं. फोटो फुकट बदलून देणाऱ्या वेबसाइटवर घरचे फोटो चढवू नका. ते पुढे कुठे राहतात ते तुम्हाला कळायचा मार्ग नाही.

आयफोनवरून विंडोजवर कॉपी करताना अर्ध्यात "अ डिव्हाइस अटॅच्ड टू द सिस्टिम इज नॉट फंक्शनिंग" असं येत असेल तर केबलला दोष देऊ नका. फोन जाता जाता एचईआयसीचं जेपीजी करत असतो आणि तिथे अडकतो. फोनच्या सेटिंग्जमध्ये फोटोजच्या शेवटी "ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी" आहे, तिथे "कीप ओरिजिनल्स" करा. कॉपी निमूटपणे पूर्ण होते.

कॅमेरेवाल्यांसाठी: सीआर३, एनईएफ, एआरडब्ल्यू अशा शेपटीच्या फाइल्स म्हणजे रॉ, कॅमेऱ्याने टिपलेलं न दाबता जसंच्या तसं. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात एकेक २५-३० एमबीची होऊ शकते, आणि मावशीच्या फोनवर ती उघडत नाही. जेपीजी काढून तेच पाठवा, रॉ स्वतःकडे ठेवा. रंग फिके पोचत असतील तर कॅमेऱ्याच्या मेनूत कलर स्पेस "ॲडोबी आरजीबी" आहे का बघा, ती "एसआरजीबी" करा.

आमच्याकडे अजून बऱ्याच घरांत पिकासा हा फोटो बघायचा-सुधारायचा प्रोग्राम आहे. गूगलने ते मार्च २०१६मध्ये बंद केलं, तरी जुन्या कॉम्प्युटरवर चालतं आणि लोकांचा हात बसलेला आहे. त्यात एक खोच आहे. पिकासात फोटो कापला, उजळला, तरी मूळ फाइल तशीच राहते. तुमचे बदल त्याच फोल्डरमधल्या एका लपलेल्या छोट्या फाइलमध्ये लिहिलेले असतात. पिकासात सुंदर दिसतो आणि मेलला जोडला की मूळचाच जातो, तो यामुळे. पिकासात "सेव्ह" दाबलं की बदल फोटोवर खरोखर उतरतात, आणि मूळ एका लपलेल्या फोल्डरमध्ये जपलं जातं. शेकड्यांनी फोटो असतील तर "एक्सपोर्ट" करून नव्या फोल्डरमध्ये काढा.

आडवा फोटो: कॅमेरा उभा धरला होता ही गोष्ट फोटोत नोंद म्हणून लिहिलेली असते, चित्र फिरवलेलं नसतं. एखादा प्रोग्राम ती नोंद वाचत नाही. राइट क्लिक करून "रोटेट" करा, झालं.

जुन्या विंडोज ७वर झिप करताना, म्हणजे बऱ्याच फाइल्सचं एक गाठोडं बांधताना, "करता येत नाही" असं आलं तर फाइलची नावं मराठीत आहेत का पाहा. ते विंडोज देवनागरी नावाच्या फाइल्स झिप करायला नकार देतं. नावं इंग्रजी अक्षरांत केली की होतं.

सहावी: इंटरनेट, आणि तेही वर जाणारं

इथपर्यंत सगळं ठीक असेल तरच इंटरनेटकडे वळा. आधी फोनचा हॉटस्पॉट चालू करून कॉम्प्युटर त्याला जोडा आणि एकच फोटो पाठवा. गेला, तर दोष घरच्या इंटरनेटमध्ये. नाही गेला, तर दोष कॉम्प्युटरमध्ये किंवा खात्यात. एवढ्या एका चाचणीने पुढचे फोन वाचतात.

दोष इंटरनेटमध्ये दिसला तर स्पीडटेस्ट करा, आणि त्यातला अपलोडचा आकडा बघा. बाकी सगळे डाउनलोड बघतात. सिनेमा पाहताना डेटा खाली येतो, फोटो पाठवताना वर जातो, आणि काही प्लॅनमध्ये या दोन्हींत मोठी तफावत असते. आकडा मेगाबिटमध्ये असतो आणि फाइल मेगाबाइटमध्ये, म्हणून आठने भागायचं. १० एमबीपीएस अपलोड म्हणजे सेकंदाला सव्वा एमबी. ४ जीबीचा लग्नाचा फोल्डर त्या वेगाने चढायला जवळजवळ एक तास लागतो, २ एमबीपीएसने साडेचार तास. पट्टी थांबलेली नसते, ती हळू असते.

आणि या साडेचार तासांत कॉम्प्युटर झोपतो. ब्राउझरमधून चाललेलं अपलोड तिथेच तुटतं. पॉवरच्या सेटिंगमध्ये स्लीप "नेव्हर" करा, लॅपटॉप चार्जरला ठेवा, झाकण उघडं ठेवा. रात्री लावून झोपा. फोल्डर मोठा असेल तर पन्नास-पन्नास फोटोंचे गट करा, म्हणजे तुटलं तरी एकच गट पुन्हा करायचा.

वेग फारच कमी असेल तर कॉम्प्युटर राउटरला केबलने जोडून बघा. आमच्या जुन्या इमारतींच्या भिंती जाड आहेत, ५ गिगाहर्ट्झचा वाय-फाय दोन भिंतींत दमतो, आणि २.४वर आख्ख्या इमारतीची गर्दी असते. केबलने वेग मिळाला तर दोष वाय-फायचा: राउटर पुढे घ्या, किंवा फोटो चढवायचे तेवढ्यापुरता लॅपटॉप राउटरपाशी न्या. केबलनेही मिळाला नाही तर केबलचं टोक बघा. मुंबईच्या दमट हवेत, त्यातून पावसाळ्यात गच्चीवरून उतरलेल्या वायरीच्या पिनांना हिरवट गंज धरतो. लॅन केबलच्या चार जोड्यांपैकी एक गेली तर गिगाबिटची लाइन १०० एमबीपीएसवर येते, किंवा मध्येच तुटते-जुळते. वायरमन नवं टोक दाबून देतो, काम मिनिटांचं आहे.

फायबर असेल तर डब्यावरचा "लॉस"चा दिवा बघा. तो लाल पेटला असेल तर बाहेरून प्रकाशच येत नाही. राउटर बंद-चालू करून उपयोग नाही. बहुतेक वेळा रस्ता खणताना किंवा गच्चीवर कुठेतरी फायबर तुटलेली असते. इंटरनेटवाल्याला "लॉस लाल आहे" एवढंच सांगा, म्हणजे तो तुम्हाला राउटर रीसेट करायला लावत बसणार नाही. फायबरची पिन स्वतः काढून तिच्या टोकात डोकावू नका. त्यातला लेसर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

सातवी: जुना झालेला कॉम्प्युटर

विंडोज ७ किंवा ८.१ असेल तर क्रोम १०९व्या आवृत्तीवरच थांबलेला आहे. फेब्रुवारी २०२३पासून पुढच्या आवृत्त्यांना विंडोज १० लागतं. त्यामुळे साइट अर्धवट उघडणं, अपलोडचं बटण न चालणं हे होणारच. विंडोज १०लाही मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. असा कॉम्प्युटर फोटो साठवायला ठेवा, पण पाठवायचं काम पेनड्राइव्हने दुसऱ्या मशीनवर नेऊन करा. जीव अडकलेल्या जुन्या मशीनवर रोज नवनवे प्रोग्राम चढवून ते आणखी बिघडवू नका.

मशीन नवं असून फक्त एकच साइट रुसली असेल तर इन्कॉग्निटोमध्ये तीच गोष्ट करून बघा. तिथे झाली तर एखादं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम, आडवं येतंय. एकेक बंद करत शोधा.

आठवी: केबल, कार्ड, डिस्क

फोन दिसत नसेल तर आधी केबल बदला. बऱ्याच स्वस्त केबलींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. मग अँड्रॉइडवर वरची सूचना खाली ओढून "फाइल ट्रान्सफर" निवडा, फोनचं लॉक उघडं ठेवा. पेनड्राइव्हवर मोठा व्हिडिओ जात नसेल आणि जागा असूनही "फाइल फार मोठी" येत असेल तर पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे, त्यावर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही. रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

अर्धा करडा फोटो ही गोष्ट गंभीर समजा. बहुतेक वेळा तो पाठवताना बिघडलेला नसतो, कार्डावर किंवा डिस्कवरच अपुरा असतो. मूळ कार्डातून पुन्हा कॉपी करून बघा. तिथेही करडाच असेल तर कार्ड वापरणं तिथल्या तिथे थांबवा. रस्त्यावर स्वस्तात मिळणारी काही कार्डं ६४ जीबी म्हणून विकली जातात आणि आत त्याहून कितीतरी कमी असतात. भरली की नवे फोटो जुन्यांवर लिहितात. नवं कार्ड घेतल्यावर रिकामं असतानाच एचटूटेस्टडब्ल्यू या फुकट प्रोग्रामने तपासा, वेळ लागतो, पण खरी जागा कळते.

"फॉरमॅट करा" म्हणणाऱ्या कार्डावरून फोटो काढायला फोटोरेक हा फुकट प्रोग्राम पुष्कळदा पुरतो. एकच अट: सापडलेले फोटो त्याच कार्डावर ठेवायचे नाहीत. डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो दाखवतं. निळं "गुड" असेल तर ठीक. पिवळं "कॉशन" दिसलं तर त्या दिवशी बाकी सगळं सोडून फोटोंची प्रत करा.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर कॉम्प्युटर बंद करा आणि पुन्हा चालू करून "एकदा बघू" करू नका. आतलं वाचणारं डोकं चकतीवर घासत असेल तर प्रत्येक वेळी चालू करताना आणखी फोटो जातात.

एसएसडीवरून (नव्या मशीनमधली, फिरती चकती नसलेली डिस्क) चुकून पुसलं असेल तरी मशीन ताबडतोब बंद करा. एसएसडी पुसलेली जागा स्वतःहून साफ करते, उशीर झाला की कुणालाच काही सापडत नाही.

सगळ्या फोटोंची शेपटी बदलून काहीतरी विचित्र झाली असेल आणि फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी असेल, तर तो रॅन्समवेअर आहे, फाइल्सना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस. इंटरनेट तोडा, बाहेरची डिस्क लगेच काढा, पैसे भरू नका, काही पुसू नका. "नो मोअर रॅन्सम" या पोलिसांनी आणि सुरक्षा कंपन्यांनी मिळून चालवलेल्या उपक्रमात काही प्रकारांच्या किल्ल्या फुकट मिळतात, पण ते जाणकाराकडून करून घ्या. फोटो बघायला म्हणून आलेल्या लिंकवर ओटीपी देऊन पैसे गेले असतील तर कॉम्प्युटरच्या आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका लवकर, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

डेटा काढून देणारे लॅमिंग्टन रोडच्या बाजारात पुष्कळ आहेत. तिथे जाताना डिस्क सुटी नीट गुंडाळून न्या. बंद डिस्क दुकानाच्या टेबलावर उघडून दाखवायला तयार असलेल्याकडे ती देऊ नका, ती धूळविरहित खोलीतच उघडायची असते. काय बिघडलंय, किती मिळेल आणि मिळालं नाही तर काय आकारणार हे लिहून घ्या. परत मिळालेला डेटा नव्या डिस्कवर घ्या, तिथेच दहा-वीस फोटो उघडून बघा, आणि जुनी डिस्क दुकानात न सोडता घरी आणा.